फादर कधी येणार?

आधी चहा घ्या. बिस्किटंही घ्या. कारण हे सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही मला पुन्हा घरी बोलवाल की नाही, याची मला शंकाच आहे. निदान घरात काही कार्य असेल तेव्हा तर नक्कीच बोलावणार नाही!

मी पुण्याचा. हे वेगळं सांगायला नको, थोडा वेळ माझ्याशी बोललं की कळतंच. माझा एक जुना आजार आहे. कोणी काही विचारलं आणि मला ते माहीत नसलं, तरी 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडत नाहीत. घशात अडकतात हो! त्याऐवजी भलतंच काहीतरी बाहेर पडतं, आणि तेही छाती पुढे काढून.

तर झालं असं. मी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावची डेटा सेंटरमधली नोकरी सोडून लोवेलला आलो. लोवेल म्हणजे बॉस्टनपासून तासाभरावरचं जुनं गिरणगाव. नदीचं पाणी वळवून गावभर कालवे खणलेत, कालव्यांच्या काठाने लाल विटांच्या प्रचंड गिरण्या, आणि गिरण्यांच्या मागे एकेका देशातून आलेल्या लोकांच्या वस्त्या. गाव मला फार आवडलं. इतकं आवडलं की मी नीट न बघताच त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगत सुटलो.

अ‍ॅशबर्नला असताना सुजाता माझ्या टीममध्ये होती. नागपूरची. एक दिवस तिचा फोन.

"मक्या, आई आलीये इंडियातून. तिला बॉस्टन दाखवायला आणतेय. एक दिवस तुझ्याकडे येऊ का?"

"अगं विचारतेस काय! बॉस्टनमध्ये काय ठेवलंय? लोवेल बघा. अमेरिकेचं व्हेनिस आहे! गल्लीन् गल्ली माझ्या पायाखालची."

"आणि ऐक ना, आईला एखाद्या विहारात जायचंय रे. आल्यापासून म्हणतेय. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती घराबाहेर पडलीये. तिकडे काही आहे का?"

बघा, इथे मला 'शोधून सांगतो' म्हणता आलं असतं. कुठलाही भला माणूस तेच म्हणाला असता. मी काय म्हणालो?

"विहार? अगं, इथे कंबोडियन लोकांची अख्खी वस्ती आहे! विहारात माझं कायम येणं-जाणं असतं!"

येणं-जाणं! एकदा बसमधून जाताना सोनेरी टोकदार छप्पर दिसलं होतं, तेवढंच माझं येणं आणि तेवढंच जाणं.

त्या आल्या. सुजाताची आई म्हणजे विमलमावशी. नागपूरला शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण समोरच्याकडे अशा बघणार की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. विहारात जायचं म्हणून पांढरीशुभ्र साडी नेसून, वर सुजाताचं स्वेटर घालून तयार. मी लाल भडक विंडचीटर घातलेलं. गाइड गर्दीत उठून दिसला पाहिजे ना!

सुरुवात कालव्यापासून केली. मी हात पसरून म्हणालो, "मावशी, हे आमचं व्हेनिस!"

मावशी कठड्यावरून वाकल्या. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पाणी कुठं आहे बेटा?"

मीही वाकलो. कालवा कोरडा ठणठणीत! सफाईसाठी पाणी सोडून दिलं होतं म्हणे. तळाशी काळा चिखल, आणि चिखलात दुकानातली एक ढकलगाडी उलटी पडलेली.

"असं मुद्दाम करतात," मी म्हणालो, "म्हणजे लोकांना जुनं बांधकाम बघता येतं."

"अस्सं का," मावशी म्हणाल्या. सुजाता दुसरीकडे बघून हसली.

मग गिरणी. तिथल्या म्युझियममध्ये जुने माग अजून चालू करून दाखवतात. आवाज असा की कान दुखावेत. मावशी खूप वेळ थांबल्या. त्यांचे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, हे मला तिथे कळलं. भिंतीवरच्या पाट्या त्या एक-एक करून वाचत होत्या आणि मी आधीच ठोकून दिलेली माहिती त्या पाट्यांवर नव्हती. मी त्यांना हळूच दाराकडे वळवलं.

पुढे एकर नावाची वस्ती. कालवे खणायला आलेले आयरिश मजूर इथे राहिले, मग ग्रीक आले, मग आणखी कोण कोण. एकाच रस्त्यावर चर्च, पुढे बेकरी, पुढे लॅटिन लोकांचं दुकान. मग पूल ओलांडून फ्रेंच कॅनडातून आलेल्यांची तीनमजली लाकडी घरं. मी प्रत्येक ठिकाणी थांबून भाषण ठोकत होतो. सुजाता म्हणाली, "मक्या, श्वास घे यार."

शेवटी कंबोडियन वस्ती. इथे मात्र मावशी खुलल्या. दुकानांच्या पाट्यांवरची गोल गोल वेलांटीची अक्षरं बघून म्हणाल्या, "किती सुंदर! दागिन्यासारखी आहेत." भाजीच्या दुकानात दुधी, गवती चहा, कच्ची पपई. एका खिडकीत बुद्धाची मूर्ती दिसली तर तिथेच उभ्या राहून त्यांनी हात जोडले.

"आता विहार ना, बेटा?"

"हा काय, पुढच्याच गल्लीत!"

पुढच्या गल्लीत नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. फोन काढून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण जिथे कायम येणं-जाणं असतं, तिथला पत्ता माणूस फोनवर बघतो का? मी आपला आत्मविश्वासाने गल्ल्या तुडवत राहिलो. त्यात सुजाताला ऑफिसचा फोन आला. डेटा सेंटरमध्ये काहीतरी बंद पडलेलं. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," आणि मागे एका झाडाखाली बोलत उभी राहिली. माझ्यावर लक्ष ठेवणारं एकमेव माणूस असं गेलं.

आणि तेवढ्यात मला आवाज आला. लाउडस्पीकरवर संथ वाद्यं. उदबत्तीचा वास. वळून बघतो तर एक घर. अंगणात पांढरा मांडव, दारात चपला-बुटांचा ढीग, ओट्यावर भगव्या चीवरातले भिक्खू. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत.

"सापडला!" मी ओरडलो. मग सावरून म्हणालो, "म्हणजे, आलाच. आणि मावशी, तुमचं नशीब बघा, आज उत्सव आहे!"

मावशी जरा थबकल्या. "घरासारखं दिसून राहिलं हे."

"इकडे विहार असेच असतात. साधे."

आत समोरच एका वृद्ध गृहस्थांचा मोठा फोटो. फुलांनी मढवलेला, पुढे मेणबत्त्या.

"मकरंद बेटा, फोटोला हार आहे."

"संस्थापक असणार."

"हार आहे म्हणते मी."

"मोठे संस्थापक असणार!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी गाइड! मी मावशींना त्या फोटोशेजारी उभं केलं, फोन काढला आणि म्हणालो, "मावशी, स्माइल प्लीज!" मावशी हसल्या नाहीत. म्हणून मीच त्यांच्या बाजूला जाऊन अंगठा वर करून सेल्फी काढला. तो सेल्फी मी अजून डिलीट केलेला नाही. स्वतःबद्दल कधी फार बरं वाटायला लागलं की काढून बघतो.

डोक्याचा पूर्ण गोटा केलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ हात जोडून आमच्याकडे आले. सोफाल त्यांचं नाव, हे नंतर कळलं. डोळे लाल, चेहरा थकलेला. मला वाटलं, उत्सवाची धावपळ! लाउडस्पीकरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "यू नो फादर?"

आता माझी बाजूही समजून घ्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलो. फादर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पांढरा झगा आणि हातातली छडी येते. मला वाटलं, इतक्या चर्चच्या गावात हे लोक मुख्य भिक्खूंनाही फादर म्हणत असतील. आणि 'माहीत नाही' म्हणायचं तर... ते घशात अडकलेलं!

"ऑफ कोर्स!" मी म्हणालो. "फादरना कोण ओळखत नाही?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "फ्रॉम द मिल?"

मला वाटलं, कुठून आलात असं विचारतायत. "हो, हो, मिलमधूनच! थेट!"

"आँटी टू?"

"आँटी तर मिलमध्ये सगळ्यात जास्त वेळ होत्या!"

झालं. त्या गृहस्थांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि वळून मोठ्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळा मांडव आमच्याकडे वळला. बायका मावशींना हात जोडू लागल्या. आम्हाला थेट पुढे नेऊन बसवलं, भिक्खूंच्या समोर. मी मनात म्हटलं, वा! काय हे आदरातिथ्य! नाहीतर आपल्याकडे!

बसल्यावर गप्प राहावं ना? मी विचारलं, "फादर कधी येणार? आम्हाला त्यांना भेटूनच जायचंय."

सोफालनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं त्यांच्या. हळू आवाजात म्हणाले, "ही इज हिअर. ऑल डे टुडे, ही इज हिअर."

मी मान वळवून आतल्या खोलीकडे बघितलं. म्हटलं, फोटोतले संस्थापक म्हणजेच फादर असणार, आत आराम करत असतील.

"टुनाइट ही गोज," ते म्हणाले.

"अरे! लांबचा प्रवास?"

"व्हेरी लाँग."

मी समजूतदारपणे मान हलवली. एवढ्या वयात किती प्रवास करावा लागतो बिचाऱ्यांना!

तेवढ्यात भिक्खूंनी गाथा म्हणायला सुरुवात केली. मावशींनी डोळे मिटून हात जोडले. पाली त्यांना सगळी पाठ. सुरुवातीचं त्रिशरण त्यांनी बरोबरीने म्हटलं आणि आजूबाजूच्या बायका चकित होऊन बघायला लागल्या. मला कोण अभिमान! जणू मीच शिकवलं होतं. मग पुढची गाथा सुरू झाली आणि मावशींनी खाडकन डोळे उघडले. चेहरा पांढरा पडला. माझी बाही ओढली.

"बेटा. ऊठ. आपण मागे जाऊन बसू."

"मावशी, मानाची जागा आहे."

"अरे, ऐक तर. ही गाथा..."

"शूऽऽ! नंतर सगळा अर्थ सांगतो मी तुम्हाला."

हो. मी. पाली गाथेचा अर्थ. विमलमावशींना. सांगणार होतो!

गाथा संपली. सोफाल उभे राहिले, काहीतरी बोलले, आणि माझ्याकडे हात करून इंग्रजीत म्हणाले, "फादरबद्दल दोन शब्द बोलाल का, प्लीज?"

मावशींनी माझी बाही घट्ट धरली होती. ती सोडवून मी उभा राहिलो. लाल विंडचीटरची चेन वर ओढली. समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सगळे माझ्याकडे बघतायत. मी इंग्रजीत जे बोललो त्याचं मराठी ऐका, आणि कृपा करून मध्ये उठून जाऊ नका.

"मित्रहो, आजच्या या आनंदाच्या दिवशी तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन! इतका सुंदर सोहळा मी लोवेलमध्ये पाहिला नव्हता. फोटोत फादर किती ताजेतवाने दिसतायत! माझी एकच इच्छा आहे. असा दिवस या घरात दर वर्षी येवो, पुन्हा पुन्हा येवो! आणि फादरना त्यांच्या लांबच्या प्रवासासाठी खूप खूप शुभेच्छा. त्यांना वाटेत कसलाही त्रास होऊ नये."

मी खाली बसलो. टाळ्या नाहीत. पुढे बसलेली पोरंसोरं, ज्यांना इंग्रजी कळत होतं, तोंडं उघडी टाकून माझ्याकडे बघतायत. एक मुलगी ओठ दाबून जमिनीकडे बघतेय, तिचे खांदे हलतायत. दारात सुजाता. तिने नेमकं 'पुन्हा पुन्हा येवो' ऐकलेलं. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

मावशी माझ्या कानाशी आल्या. "बेटा, फादर म्हणजे वडील. त्या माणसाचे वडील वारले आहेत. हे मयताचं कार्य आहे. हेच तर सांगून राहिली होती मी."

तुम्हाला कधी असं झालंय का, की आपले कानच आपल्याला भाजतायत? मी फोटोकडे बघितलं. फोटोतले आजोबा माझ्याकडे बघत होते. घरात माणूस गेलेलं, आणि मी येऊन म्हणालो होतो, असा दिवस पुन्हा पुन्हा येवो! पळून जावं तर बूट बाहेर त्या ढिगात. जमीन दुभंगली असती तर मी धन्यवाद म्हणून आत उडी मारली असती, पण खाली गालिचा होता आणि गालिच्यावर मीच बसलेलो.

आता सोफालनी माझं भाषण मोठ्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायचं होतं. त्यांनी आधी फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी घसा खाकरला आणि अगदी थोडकं बोलले. एखादंच वाक्य असेल. ते ऐकून पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी डोळ्यांना पदर लावावा तसा हातातला पांढरा रुमाल लावला, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. त्यांच्या शेजारच्या बायकाही रडायला लागल्या.

मला काही कळेना. तेवढ्यात माझ्या बाजूला हालचाल झाली. विमलमावशी उठल्या होत्या. त्या फोटोसमोर गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि मघाची तीच गाथा म्हणायला लागल्या. एकट्याच. आपल्या नागपुरी सुरात. पहिल्या ओळीला आवाज थरथरला. मग स्थिर झाला. मला एकदम आठवलं, सुजाताच्या बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. हीच गाथा त्यांच्यासमोर म्हटली असणार.

आजी उठल्या. मावशींच्या शेजारी येऊन बसल्या आणि आपल्या सुरात तीच गाथा म्हणू लागल्या. चाल वेगळी, उच्चार वेगळे, शब्द तेच. संपल्यावर दोघी एकमेकींचा हात धरून बसून राहिल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. दोघी रडत होत्या. सुजाताही दाराशी रडत होती.

रडत नव्हता तो फक्त लाल विंडचीटरमधला माणूस. त्याला तेवढाही हक्क उरलेला नव्हता.

नंतर जेवायला वाढलं. भात, करी, शेवया. मी वाटीत नुसता चमचा फिरवत बसलो. सोफाल हातात वाटी घेऊन माझ्या शेजारी बसले. मी म्हणालो, "सर, मला... मी खरं म्हणजे..."

"तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"मिलमध्ये त्यांचा एक इंडियन दोस्त होता. त्याच्या घरचे आलात असं वाटलं मला. तुमच्या आँटींचा हात धरून बसली ना, ती माझी आई. किती खूश झाली होती."

"मला वाटलं हा विहार आहे."

"विहार?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "विहार तिकडे. मोठा आहे. सोनेरी छप्पर आहे. चुकणं अवघड आहे."

मी मान डोलावली. मग धीर करून विचारलं, "माझ्या भाषणाचं तुम्ही काय सांगितलंत सगळ्यांना?"

"शेवटचं. प्रवासाला शुभेच्छा, वाटेत त्रास होऊ नये." त्यांनी वाटी पुन्हा उचलली. "आमच्यात मानतात की सातव्या दिवसापर्यंत, म्हणजे आजपर्यंत, गेलेला माणूस घरातच असतो, मग जातो. तेवढं एकच वाक्य चांगलं होतं. बाकीचं मी कॅन्सल केलं."

मी माफी मागितली. पुन्हा मागितली. शेवटी तेच म्हणाले, "इट्स ओके. बाबा असते तर खूप हसले असते." आणि ते स्वतःच हसले, मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला तर त्यांच्या हसण्याचीच जास्त लाज वाटली हो. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

निघताना आजी मावशींचा हात सोडेनात. शंभराव्या दिवशी पुन्हा विधी असतो, त्याला यायचंच, असं सोफालमार्फत बजावलं. गाडीत बसलो. मग मावशी म्हणाल्या, "विहार राहिला ते बरंच झालं." इतकंच. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. सुजाता मात्र पुढे कित्येक दिवस माझा फोन उचलताना 'हॅलो' ऐवजी 'अभिनंदन!' म्हणायची.

शंभराव्या दिवसापर्यंत मावशी नागपूरला परत गेल्या होत्या. पण त्यांनी फोन करून मला हुकूम सोडला. "तू जा. मी व्हिडिओवर येते." मी गेलो. या वेळी पांढरा शर्ट. फोन आजींच्या हातात दिला आणि अगदी मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसलो. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं.

गाथा झाल्या. मावशींनी तिकडून म्हटली, आजींनी इकडून. मग जेवण. आणि काय सांगू, आजी स्वतः माझ्याजवळ येऊन बसल्या! माझी वाटी जरा रिकामी झाली की पुन्हा वाढायच्या. भात, मग शेवया, मग काहीतरी गोड. नको म्हणायला तोंड उघडलं की लगेच आणखी एक डाव. मला भरून आलं. म्हटलं, बघा, या माउलीने मला माफ केलं! एवढंच नाही, मुलासारखं खाऊ घालतेय!

मी सोफालना खूण केली. तोंडात घास होता तसाच म्हणालो, "तुमच्या आई किती प्रेमाने वाढतायत!"

त्यांनी आजींना विचारलं. आजी माझ्याकडे बघून गोड हसल्या, माझ्या वाटीत आणखी भात घातला आणि काहीतरी म्हणाल्या. आजूबाजूचे सगळे फिस्सकन हसले.

"काय म्हणाल्या?"

"आई म्हणतेय," सोफाल म्हणाले, "याचं तोंड भरलेलं ठेवा. रिकामं झालं की हा भाषण करतो."